खिशात मावणारा आणि आकाशगंगा टिपणारा पहिला कॅमेरा कसा निवडावा

"आत्या, फोनमध्ये सगळं येतं की, मग वेगळा कॅमेरा कशाला?"

भाच्याचा हा प्रश्न मला रास्त वाटला, म्हणून मी त्याला लगेच दुकानाची वाट दाखवली नाही. जानेवारीतली रात्र होती. इंदूरमधल्या रामबागेतल्या आमच्या गच्चीवर त्याला बोलावलं, फोन पाण्याच्या टाकीला टेकवून उभा केला आणि मृग नक्षत्राचा फोटो काढायला लावला. फोटो आला. मृगाचे तीन तारे आले, व्याध आला, टाकीची कडही लखलखीत आली. मग म्हटलं, "आता बोटांनी मोठा करून बघ." रोहिणी डोळ्यांना तांबूस दिसते, ती फोटोत पांढरीफटक झाली होती. कृत्तिकांचा पुंजका म्हणजे नुसता एक पुसट डाग. फोनने फोटोतले दाणे (अंधारातल्या फोटोत येणारे रवाळ ठिपके) साफ करताना बारीक तारेही दाण्यांसोबत पुसून टाकले होते.

तर इंदूरहून किंवा आणखी कुठूनही फिरायला निघणाऱ्या आणि रात्री आकाशाकडे बघत राहणाऱ्या नवख्यांना माझं पहिलं सांगणं हेच: महिनाभर फोनवरच काढा. आजचे चांगले फोन ट्रायपॉडवर ठेवले की रात्रीचं काम बऱ्यापैकी करतात. गूगलने तर २०१९मध्येच पिक्सेल ४ फोनमध्ये खास ताऱ्यांसाठी चार मिनिटांपर्यंतचं एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश आत घेत राहण्याचा वेळ, दिलं होतं. तेवढ्यात तुमचं समाधान झालं तर पैसे वाचले. नाही झालं, काय कमी पडतंय ते डोळ्यांना दिसायला लागलं, तर पुढे वाचा.

पायरी १: पैशांची वाटणी

सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नका. तीस हजार बाजूला काढले असतील तर कॅमेरा पंचवीसपर्यंतचाच बघा. उरलेल्या पाचात ट्रायपॉड, एक जास्तीची बॅटरी आणि चांगलं कार्ड बसवायचं आहे. ट्रायपॉडशिवाय रात्रीचा कॅमेरा म्हणजे जात्याशिवाय पीठ.

या पैशांत नवा कॅमेरा मिळतो, पण रात्रीच्या कामाचा सहसा मिळत नाही. सेकंडहँड घ्यावा लागतो. त्यात कमीपणा काही नाही. माझा स्वतःचा कॅमेरा २०१४ साली बाजारात आलेल्या मॉडेलचा आहे. मी तो चोवीस हजारांना वापरलेला घेतला आणि आजही तोच घेऊन फिरते.

पायरी २: लेन्सवरचे आकडे वाचा आणि एक भागाकार करा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दुकानदार मेगापिक्सेल सांगेल, झूम किती पट ते सांगेल. तुम्ही मात्र लेन्सच्या कडेवर कोरलेले बारीक आकडे वाचा.

तिथे आकड्यांच्या दोन जोड्या असतात. उदाहरणार्थ सोनीच्या आरएक्स१०० मार्क ३वर १.८–२.८ आणि ८.८–२५.७ असं लिहिलेलं आहे. दुसरी जोडी म्हणजे लेन्सची खरी फोकल लांबी, मिलिमीटरमध्ये. पहिली जोडी म्हणजे अॅपर्चरचा आकडा. दोन्ही जोड्यांतला पहिला आकडा घ्या आणि लांबीला अॅपर्चरने भागा. ८.८ भागिले १.८, आलं ४.९. म्हणजे झूम न करता सगळ्यात रुंद दृश्य घेतलं, की या कॅमेऱ्याचं प्रकाश आत घेणारं तोंड ४.९ मिलिमीटर उघडतं.

पागोळीखाली तांब्या ठेवला तर किती पाणी जमतं आणि परात ठेवली तर किती, तसंच हे आहे. ताऱ्यांकडून येणारा प्रकाश फार थोडा असतो. तोंड जितकं रुंद तितका तो जास्त गोळा होतो.

आता हाच भागाकार बाजारात भरपूर मिळणाऱ्या, तीस-चाळीस पट झूम मिरवणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याला लावून बघा. तिथे ४.३ मिलिमीटर आणि एफ/३.३ (म्हणजे अॅपर्चर ३.३) असे आकडे भेटतात. उत्तर १.३ मिलिमीटर. व्यासात फरक पावणेचारपट, आणि तोंडाच्या क्षेत्रफळात जवळपास चौदापट. तो कॅमेरा दिवसा राजवाड्याच्या सातव्या मजल्यावरचं कबूतर जवळ आणून दाखवेल. रात्री मात्र त्याच्या फोटोत काळोख आणि दाणे एवढंच येईल.

हा भागाकार लावताना एक अट पाळा. ज्या दोन कॅमेऱ्यांची तुलना करता त्यांचं दृश्य सारखंच रुंद हवं. माहितीपत्रकात '३५ मिमी समतुल्य' म्हणून एक आकडा देतात. तो दोघांचाही २४ ते २८च्या दरम्यान असला की तुलना बरोबर.

या भागाकाराने मलाही दोन धक्के दिले. पहिला म्हणजे, नवा आणि महाग मॉडेल नेहमी रात्रीसाठी चांगला नसतो. आरएक्स१०० मालिकेतले मार्क ६ आणि मार्क ७ हे २०१८ आणि २०१९ सालचे. त्यांना २४ ते २०० असा लांब झूम दिला, आणि त्यासाठी अॅपर्चर २.८वर आलं. ९ भागिले २.८, उत्तर ३.२. चार-पाच वर्षं जुना मार्क ३ रात्री यांच्या दुप्पटीहून जास्त प्रकाश घेतो आणि भावातही स्वस्त पडतो.

दुसरा धक्का गळ्यात अडकवायच्या मोठ्या कॅमेऱ्यांचा. त्यांच्यासोबत बहुतेक वेळा १८–५५ची साधी लेन्स येते. १८ भागिले ३.५, उत्तर ५.१. म्हणजे एवढं धूड सांभाळून रात्री मिळणारा प्रकाश खिशातल्या कॅमेऱ्याएवढाच. अर्थात त्या मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स पुढे बदलता येते, खिशातल्याची येत नाही. ज्यांना या छंदात खोल उतरायचं आहे, लेन्सवर पुन्हा पैसे घालायची तयारी आहे, त्यांनी तोच रस्ता धरावा. पण ज्यांना पाठीवरच्या एका पिशवीत मांडू, महेश्वर, लडाख सगळं करायचं आहे त्यांना मी छोटाच कॅमेरा सुचवते. जो सोबत असतो त्यानेच फोटो निघतात.

पायरी ३: सेन्सर

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग. 'एक इंच सेन्सर' असं लिहिलेलं असलं तरी तो कुठूनही एक इंच नसतो. तो असतो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांमधल्या काचेच्या नळ्यांच्या जाडीवरून चालत आलं आहे. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत जो असतो तो साधारण ६.२ गुणिले ४.६, म्हणजे क्षेत्रफळाने याच्या पाव. आपल्या कामाला एक इंचाच्या खाली जाऊ नका. मेगापिक्सेल १२ असोत की २०, रात्री फरक पडत नाही.

यासोबत तीन गोष्टी असायलाच हव्यात: पूर्ण मॅन्युअल मोड (सगळे आकडे आपणच ठरवायचे), रॉ फाइल (कॅमेऱ्याने साफसफाई न केलेला कच्चा फोटो), आणि हाताने फोकस करायची सोय. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर तो कॅमेरा खाली ठेवा, भाव कितीही चांगला असो.

पायरी ४: नावं

आता नावं घेते, कारण नावाशिवायचा सल्ला दुकानात उपयोगी पडत नाही.

माझी पहिली पसंती सोनी आरएक्स१०० मार्क ३. वजन २९० ग्रॅम, २४ ते ७० झूम, पडदा वर-खाली वळतो आणि कोपऱ्यातून छोटा व्ह्यूफाइंडर वर येतो. रात्री ट्रायपॉड जमिनीलगत असताना पडदा वळणं किती मोलाचं असतं हे पहिल्याच रात्री कळतं. प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर आतच आहे, त्यामुळे पावसाळ्यात पातालपाणीचा धबधबा भर दिवसा दुधासारखा मऊ घेता येतो.

याच मालिकेतला पहिला आरएक्स१०० २०१२चा आहे. १०.४ भागिले १.८, म्हणजे ५.८. भागाकारात तो मार्क ३च्याही पुढे आणि भावात सगळ्यांत खाली. पण दृश्य थोडं अरुंद, २८पासून सुरू होतं, आणि पडदा वळत नाही. ज्यांचा हात अगदीच आखडता आहे त्यांनी हाच घ्यावा.

कॅनन जी७एक्स मार्क २ सुद्धा तोलामोलाचा. भागाकार सोनीच्या मार्क ३एवढाच, झूम १००पर्यंत. यात ताऱ्यांसाठी वेगळा मोड आहे, तो नवख्यांना आधार देतो. मात्र व्हिडिओ करणाऱ्या मुलामुलींत याची मागणी इतकी वाढली आहे की जुना असूनही भाव चढे सांगतात. कॅननचाच जी९एक्स याहून लहान, २०९ ग्रॅमचा, भागाकार ५.१. बटणं कमी आणि बहुतेक सगळं पडद्याला हात लावून करायचं, अंधारात मला ते जमत नाही. तुम्हाला जमेलही.

पॅनासोनिक एलएक्स१०० जरा जाड आहे, ३९३ ग्रॅम. पँटच्या खिशात बसत नाही, जॅकेटच्या बसतो. १०.९ भागिले १.७, उत्तर ६.४. सेन्सरही एक इंचाहून मोठा. लेन्सवर अॅपर्चरची कडी आणि वर शटरची चकती, दोन्ही हाताने फिरवायच्या. शिकायला यासारखा कॅमेरा नाही. रिकोचे जीआर २ आणि जीआर ३ यांचा भागाकार ६.५ आणि सेन्सर मोठ्या कॅमेऱ्यांएवढा, पण झूम अजिबात नाही आणि भाव आपल्या मर्यादेबाहेर जातो.

पायरी ५: वापरलेला कॅमेरा तपासणं

इथे घाई केलेली मला महागात पडली आहे, म्हणून सविस्तर सांगते. माझा पहिला छोटा कॅमेरा मी एका दुकानातून दिवसाउजेडी दोन फोटो काढून घेतला. बाहेरून नव्यासारखा होता, खोकं होतं, बिल होतं. दोन महिन्यांनी मांडूला रात्री फोटो काढले तेव्हा उजवीकडचे तारे टाचणीच्या टोकासारखे आणि डावीकडचे सगळे शेपटी फुटल्यासारखे. आतली एखादी काच तिच्या जागेवरून किंचित सरकली होती. कधीतरी पडला असणार. दिवसाच्या छोट्या फोटोत हे दिसत नाही. दुकानदाराने परत घेतला नाही.

तेव्हापासून मी वर्तमानपत्राचं एक मोठं पान आणि चिकटपट्टी घेऊनच जाते. पान भिंतीवर सपाट लावायचं, कॅमेरा त्याच्या बरोबर समोर टेबलावर ठेवायचा, झूम न करता अॅपर्चर पूर्ण उघडून दोन सेकंदांच्या टायमरवर फोटो घ्यायचा. मग पडद्यावर मोठा करून चारही कोपरे वाचायचे. कोपरे मधल्या भागापेक्षा थोडे मऊ असतात, ते चालतं. पण चारही सारखेच मऊ हवेत. एका कोपऱ्यातली बातमी वाचता येते आणि दुसऱ्यातलं शीर्षकही वाचता येत नाही, असं दिसलं की कॅमेरा परत द्यायचा आणि बाहेर पडायचं. भाव उतरवून देतो म्हणाला तरी.

दुसरी तपासणी धुळीची. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ/११वर घ्या. ठिपके दिसले तर धूळ आत गेलेली आहे. या कॅमेऱ्यांची लेन्स बाहेर येते-आत जाते, ती जाताना धूळ ओढून नेते आणि घरी साफ करता येत नाही. आपल्याकडे इंदुरात तर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते. गुलाल एकदा त्या लेन्सच्या नळीत गेला की कॅमेरा संपलाच. विकणाऱ्याला विचाराच की गेरमध्ये कधी नेला होता का, आणि तुम्हीही नेऊ नका.

तिसरी तपासणी अंधाराची. कॅमेरा काळ्या कापडात गुंडाळून आयएसओ (मिळालेला प्रकाश किती वाढवून दाखवायचा तो आकडा) १६००वर ठेवून वीस सेकंदांचा फोटो घ्या. चार-दोन रंगीत ठिपके प्रत्येक सेन्सरवर असतात, त्यांची काळजी नको. चांदणं पडल्यासारखं दिसलं तर नको. याच वेळी दुसरीही गोष्ट कळते: शटर वीस सेकंदांवर जातंय का, आणि गेल्यावर आयएसओ तुम्ही ठेवलंय तिथेच राहतंय का. काही जुन्या कॅमेऱ्यांत लांब शटर लावलं की आयएसओ आपोआप तळाला जाऊन बसतं. मग ताऱ्यांचं नाव घ्यायला नको.

उरलेलं पटकन. लेन्स दहा वेळा उघड-बंद करा, घरघर ऐकू येता कामा नये. टॉर्च मारून काचेवर बुरशीचे धागे आहेत का बघा. कॅमेरा कोकणातून किंवा मुंबईहून आला असेल तर हे दोनदा बघा. बॅटरी फुगलेली नको. खालचं ट्रायपॉडचं भोक खराब झालेलं नको. आणि सोनीचा घेताना मेनूत इंग्रजी भाषा मिळते का बघा. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या सोनीच्या कॅमेऱ्यांत मेनू फक्त जपानी असतो, तो बदलता येत नाही, आणि असे कॅमेरे आपल्याकडे स्वस्तात फिरत असतात.

कार्ड स्वतःचं न्या, फोटो घरी आणून मोठ्या पडद्यावर बघा आणि मगच पैसे द्या. चांगला विकणारा याला नाही म्हणत नाही.

पायरी ६: सोबतचं सामान

कार्ड ३२ जीबीचं पुरतं. २० मेगापिक्सेलची एक रॉ फाइल साधारण २० एमबीची, म्हणजे दीड हजार फोटो. बिलासकट घ्या, नकली कार्डांचा सुळसुळाट आहे.

ट्रायपॉड वजनदार नको, पण पाय लटपटणारा नको. जिथे ट्रायपॉड नेता येत नाही किंवा नेऊ देत नाहीत (पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत त्यासाठी परवानगी लागते), तिथे माझ्याकडे सरकीची थैली असते. आईने जुन्या महेश्वरी साडीच्या काठाची, वीतभर लांब पिशवी शिवून दिली आणि निमाडातून आणलेली सरकी तिच्यात तीन चतुर्थांश भरली. पूर्ण भरायची नाही. मधे थोडी दाबली की खळगा पडतो आणि कॅमेरा त्यात हवा तसा कलता बसतो. घाटाची पायरी, बुरुजाची भिंत, गाडीचं बॉनेट, कुठेही चालते.

आणखी एक लाल जिलेटिन कागदाचा तुकडा, टॉर्चवर रबरबँडने लावायला. अंधाराला सरावलेले डोळे पांढऱ्या उजेडाने क्षणात बिघडतात आणि पुन्हा सरावायला वीस-पंचवीस मिनिटं घेतात. लाल उजेडाने फारसे बिघडत नाहीत.

पायरी ७: आधी शहरात हात बसवा

कॅमेरा घेतला की लगेच आकाश नको. आठ दिवस रोज रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जा. गराडू (तळलेला कंद) कढईतून वर येतात तेव्हाची वाफ, जिलेबीच्या पाकावरची चमक, हे सगळं मॅन्युअल मोडवर, शटर १/६०, अॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ १६००च्या आसपास ठेवून काढा. अॅपर्चर कुठे बदलायचं, आयएसओ कुठे, हे बोटांना न बघता यायला हवं. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) रात्रभर निघतात, हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण. चालती रोषणाई आणि गर्दी यांच्यासारखी दुसरी शाळा नाही. तिथे फोटो बिघडले तरी हरकत नाही. घाटावर, अमावास्येच्या रात्री, शंभर किलोमीटर जाऊन बिघडले की वाईट वाटतं.

पायरी ८: तारीख आणि जागा

इंदूरच्या आकाशातून आकाशगंगा दिसत नाही, दिवे फार झाले. बाहेर जावंच लागतं. तारीख भिंतीवरच्या पंचांगातून काढा: अमावास्या, तिच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे तीन. आमच्याकडे आजी होती तोवर "अवसेला रात्रीचं बाहेर जायचं?" हा प्रश्न ठरलेला. मी तिला एकदा महेश्वरच्या घाटावर घेऊन गेले आणि वर बघायला सांगितलं. त्यानंतर तिने विचारलं नाही.

आकाशगंगेचा सगळ्यात तेजस्वी भाग धनु आणि वृश्चिक राशींच्या मधे आहे. इंदूर २२.७ अंश उत्तरेला असल्यामुळे तो आपल्या दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त ३८ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे जमिनीवरचं दृश्य आणि आकाशगंगा एकाच फोटोत सहज बसतात. मार्चमध्ये तो पहाटे तीननंतर बघायचा, एप्रिलमध्ये रात्री एकनंतर, मेमध्ये अकरापासून. जूनच्या उत्तरार्धात पाऊस येतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत आकाश मिळेल याची खात्री नाही. ऑक्टोबरात अंधार पडल्यावर तास-दीड तास तो नैऋत्येला दिसतो. हिवाळ्यात हा भाग नसतो, पण मृग, रोहिणी, कृत्तिका, व्याध आणि दक्षिणेला खाली अगस्त्य असं भरलेलं आकाश असतं. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का पडतात.

दक्षिण महत्त्वाची, म्हणून जागाही अशी हवी की जिच्या दक्षिणेला अंधार आहे आणि इंदूरचा उजेड पाठीमागे आहे. आपलं नशीब चांगलं. महेश्वरचे घाट नर्मदेच्या उत्तर तीरावर आहेत, तोंड दक्षिणेकडे. अहिल्याबाईंच्या किल्ल्याखालच्या पायऱ्यांवर बसलं की समोर नदी आणि तिच्यावर आकाशगंगा उगवते. मुख्य घाटावर दिवे असतात, ते मागे टाकून थोडं बाजूला सरका. मांडूला रूपमतीच्या मंडपाकडची बाजू अशीच, खाली निमाड पसरलेलं. वास्तू सूर्यास्ताला बंद होतात, त्यामुळे रस्त्यावरून किंवा राहता त्या जागेच्या गच्चीवरून काढायचं. महूच्या पुढे मंडलेश्वरच्या रस्त्यावर जाम गेट आहे, तिथून विंध्य एकदम खाली उतरतो आणि दक्षिण पूर्ण मोकळी मिळते. पण महू-चोरलच्या जंगलपट्ट्यात बिबटे आहेत. तिथे रात्री एकट्याने जाऊ नका, चौघं जा, गाडीजवळ राहा आणि घरी ठिकाण सांगून निघा.

पायरी ९: घाटावरची रात्र

दिवस असतानाच जागा बघून ठेवा. अंधार पडल्यावर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, झूम पूर्ण मागे, आणि ही मांडणी करा: मॅन्युअल मोड, रॉ, अॅपर्चर सगळ्यात लहान आकड्यावर, शटर २० सेकंद, आयएसओ ३२००, टायमर दोन सेकंद. हात हलल्याची भरपाई करणारी सोय बंद, ट्रायपॉडवर ती उलटं काम करते.

२० सेकंदच का? पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे तासाला १५ अंश सरकतात. जुना आडाखा असा की ५००ला समतुल्य फोकल लांबीने भागावं. २४ला साधारण २० सेकंद येतात. त्यापुढे ठिपक्यांच्या रेघा व्हायला लागतात. मोठा करून बघायचा असेल तर १५वरच थांबा.

आता फोकस. माझ्या पहिल्या रात्रीचे चाळीस फोटो इथेच गेले. ऑटोफोकसला अंधारात धरायला काही नव्हतं, तो पुढे-मागे जाऊन कुठेतरी थांबला आणि मी पडद्यावर नीट न बघता काढत राहिले. हातानेच करायचं. उन्हाळ्यात स्वाती किंवा चित्रा, हिवाळ्यात व्याध, असा एक ठळक तारा मधोमध घ्या, पडद्यावर मोठा करायची सोय वापरा आणि चकती सावकाश फिरवा. तारा आधी फुगलेल्या बत्ताशासारखा दिसतो. मग आकसत जातो. सगळ्यात बारीक होतो आणि पुन्हा फुगायला लागतो. तिथून एक खूण मागे या. तारा बारीक झाला की आसपास आधी न दिसलेले दोन-तीन पुसट तारे पडद्यावर उमटतात, ती खात्रीची खूण. पडद्यावरचं अनंताचं चिन्ह बरोबर जागी असेलच असं नाही, त्याच्यावर विसंबू नका. आणि कॅमेरा बंद केला किंवा झूमला हात लागला की फोकस पुन्हा करायचा.

पहिला फोटो काढला की पडद्याचा उजेड कमी करा. अंधारात सरावलेल्या डोळ्यांना काळाकुट्ट फोटोही उजळ वाटतो आणि घरी आल्यावर निराशा होते. हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती ते डावीकडून उजवीकडे दाखवणाऱ्या आलेखावर, विश्वास ठेवा. उंचवटा डाव्या भिंतीला चिकटलेला नको, तिच्यापासून सुटून पाव ते तिसऱ्या हिश्शावर हवा. चिकटला असेल तर आयएसओ वाढवा.

एकाच चौकटीचे सोळा फोटो लागोपाठ घ्या, ट्रायपॉडला हात न लावता. लांब एक्स्पोजरनंतर दाणे कमी करायची कॅमेऱ्यातली सोय यासाठी बंद ठेवा, नाहीतर दर २० सेकंदांच्या फोटोमागे तेवढाच वेळ ती थांबवून ठेवते. सिक्वेटर किंवा सिरिल या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते सोळा फोटो ताऱ्यांवर तारे ठेवून एकत्र केले की दाणे पावपटीवर येतात, कारण ते फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतात. छोट्या सेन्सरची उणीव भरून काढायचा याहून स्वस्त उपाय नाही. सिक्वेटरमध्ये आकाश आणि जमीन वेगळी रंगवून दाखवता येते, त्यामुळे घाट आणि देऊळ हलत नाहीत.

नदीकाठी पहाटे दव पडतं. दर दहा मिनिटांनी लेन्सवर लाल टॉर्च मारून बघा आणि काच धुरकट झाली असेल तर मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. डिसेंबरात बॅटरी लवकर उतरते, दुसरी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा.

निघताना कॅमेरा तिथेच घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि घरी आल्यावर तासभर ती उघडू नका. गार कॅमेरा उबदार खोलीत उघडा काढला की पाणी काचेवर, कधी आतल्या बाजूलाही, धरतं. कार्ड तेवढं पिशवीत घालायच्या आधी काढून घ्या, आणि झोपायच्या आधी फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवा.